साहेबाच्या बागेचे मुकादम

मुकादमांनी पहिल्याच दिवशी मला हुंगलं.

हुंगलं म्हणजे उगाच नाक वाकडं केलं असं नव्हे. कानामागे हुंगलं, काखेत हुंगलं, शर्टाच्या खिशाला नाक लावून आतल्या रुमालाचीसुद्धा चौकशी केली. मी रत्नागिरीहून बदली होऊन आलेला तिकीट-कारकून, हातात नेमणुकीचा कागद, आणि हा सत्तरीचा काटकुळा माणूस भर फाटकात, दोन रिक्षावाल्यांच्या देखत, नाकाने माझी झडती घेतोय! शेवटी दोन पावलं मागे सरून ते म्हणाले, "साबण बदला, तिकीटमास्तर. ह्या वासानं वरची भेकरा शिंकतात."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यानंतर तीन वर्षं मी बिनसाबणाची आंघोळ केली आणि माझ्या बायकोने त्याबद्दल त्यांना अजून क्षमा केलेली नाही.

साहेबाची बाग दापोलीकडून मंडणगडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या खांद्यावर आहे. छावणीतल्या इंग्रजांना खालचा उन्हाळा सोसेना, म्हणून त्यांनी डोंगराला पायवाटा काढल्या, वाटांना जांभ्याच्या चिऱ्यांची कड लावली, बँड वाजवायला गोल चौथरा बांधला, मडमांना टेकायला दगडी बाकं केली, सुरू आणि बुचाची झाडं लावली. पुढे साहेब गेले, मडमा गेल्या, बँड गेला, आणि वानरं राहिली. आता तिथे तिकीट आहे, कचऱ्याचे डबे आहेत आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे. पाटीखाली एकही फूल नाही. बागेचे टप्पे तीन. खालच्या टप्प्यावर सहली जेवतात, मधल्यावर चौथरा आहे, आणि वरचा टप्पा म्हणजे निखळ रान.

मुकादम कागदावर केव्हाच निवृत्त झाले होते. पण हे त्यांना सांगायला कचेरीतलं कुणी धजावलं नव्हतं, त्यामुळे ते कामावर होते. फाटकाजवळच्या खोलीत एकटे राहायचे. मूळचे आंजर्ल्याकडचे. बाकी घरादाराबद्दल विचारलं की म्हणत, "वर हायत सगळी."

सकाळी उजाडलं की चौथऱ्यावर उभे राहून ते हजेरी घेत. माळ्यांची नव्हे. माळी दोनच होते आणि त्या वेळी ते चहा पीत असत. हजेरी जनावरांची. "शेकरू!" अशी हाक गेली की डावीकडच्या आंब्यावरून टकटक येई. "धनेस!" म्हटलं की माथ्यावरून पंखांचा असा काही घूं-घूं वारा सुटायचा, की एकदा माझं तिकीटबुक उडून खालच्या वाडीत पडलं. "साळिंदर!" या नावाला ते स्वतःच उत्तर देत, "रात्रपाळी झालीय, झोपू दे." एका हुप्प्याने एकदा उशिरा ओ दिली. त्याला मुकादमांनी असा काही झापला की तो दुपारपर्यंत मान खाली घालून फांदीवर बसून होता. खोटं बोलत असेन तर जिभेला फोड येतील. आत्ता आहेत ते पानातल्या चुन्याने आलेत.

पाहुण्यांना वर न्यायचं तर मुकादम पुढे, पण तोंड मागे. म्हणजे सगळा चढ ते उलट्या पावलांनी चढायचे आणि पाहुण्यांकडे बघत राहायचे. कधी ठेच लागली नाही. कुणी विचारलं की सांगत, "जंगलात बगायला जायचा नसता, दिसायला जायचा असता. तुमी त्यांना नीट दिसलात, पटलात, तर ती येतात. मी बगतो तुमी कसे दिसताय ता."

एकदा पुण्याचे एक गृहस्थ आले. अंगावर इतकं अत्तर की फाटकातली जास्वंद कोमेजली. मुकादमांनी त्यांना बाजूला घेऊन मानेला तांबडी माती चोळायला लावली. गृहस्थ तडफडले, पण बायकोने "चोळा हो, लग्नात हळदीला एवढे बसला होतात!" असं म्हणून स्वतःच दोन मुठी थापल्या. मग आमची वरात निघाली. दुसऱ्या वळणावर मुकादम एकदम थांबले. त्यांची पाठ डोंगराकडे, तोंड आमच्याकडे. आणि त्यांच्या पाठीमागे, वीसेक पावलांवर, मडमांच्या दगडी बाकावर बिबट्या शेपटी लोंबती सोडून बसलेला! मुकादमांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी सगळं वाचलं आणि हळूच म्हणाले, "बाकावर हाय ना? त्याची बसायची वेळ हाय. आपली चुकली. चला खाली." खाली पोचलो तेव्हा त्या गृहस्थांचा शर्ट भिजून चिंब झाला होता आणि पोट, शपथेवर सांगतो, दोन इंच उतरलं होतं.

पण माझी खरी दातखीळ बसली ती बिबट्याने नव्हे. ती बसली एका दगडाने.

आमच्याकडे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला राखणदार असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो दिसत नाही, पण असतो. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, नारळ फोडायचा, कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. मग तो चोराचिलटापासून, साथीपासून, जनावरापासून जपतो. कुठे वड असतो, कुठे नुसता धोंडा. वरच्या टप्प्याचा राखणदार मात्र साक्षात गोरा साहेब होता. माथ्यावरच्या बेहड्याच्या झाडाखाली गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे, घोड्यावरून पडून मान मोडून मेला तेव्हा तिथे त्याला पुरलाय, असं खालच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगे. भातकापणी उरकली की सगळी वाडी वर जाई. साहेबच तो, म्हणून नारळाबरोबर बिस्किटांचा पुडा आणि एक बाटलीही ठेवत. गावकार, म्हणजे गावाच्या मानाचा म्हातारा, पुढे होऊन हात जोडी. "बा सायबा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी जा काय वेडावाकडा ठेवलानी हाय ता गोड मानून घे," असं तो म्हणाला की वाडी एका आवाजात डोंगर हलवी, "व्हय म्हाराजा!"

आणि त्या साहेबाच्या धाकाने वरच्या टप्प्यावर कोयता चालत नसे. कोयता तर सोडाच, वाळकी काटकी कुणी उचलत नसे. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, पण वर तिघांच्या कवेत न मावणारी झाडं उभी होती. बेहड्याच्या ढोलीत दरसाल धनेशाची मादी पिल्लं मोठी होईपर्यंत ढोलीचं तोंड लिंपून घेऊन आत बसायची.

मग आला एक ठेकेदार. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरे बूट. वरच्या टप्प्यावर काचेचा सज्जा, झाडावरून झाडावर लोंबकळत जायची तार, सेल्फीसाठी सिमेंटचा गोरिला असा त्याचा बेत कचेरीने जवळजवळ मान्य केला होता. त्यासाठी माथा साफ करायचा होता, बेहड्यासकट. फक्त माथ्याची ती जागा गावाच्या सामाईकीतली असल्यामुळे गावाची संमती हवी होती, आणि गाव म्हणत होतं, सायबाला विचारा.

ठेकेदार वस्ताद. तो म्हणाला, "विचारतो की! साहेबाचं झकास स्मारक बांधतो, खालच्या टप्प्यावर. नाव काय, हुद्दा काय, सगळं कोरून काढतो." आणि जुने शिलालेख वाचणाऱ्या एका बाईंना तो मुंबईहून घेऊन आला. बाई साध्या, हसऱ्या, पाठीला पिशवी. साक्षीला म्हणून गावकाराला वर नेलं. मुकादमांना त्या दिवशी ठेकेदाराने मुद्दाम खालच्या टप्प्यावर एका सहलीत गुंतवलेलं.

आणि बादली घेऊन बाईंच्या मागे गेलं कोण? मी! मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला पुढेपुढे करायची हौस असते ती अशी नडते. दगडाच्या पायाशी नारळाच्या शेंड्यांचा हा ढीग. मीच तो उपसला, त्यातलीच एक शेंडी घेऊन मीच खसाखसा शेवाळ घासलं. अक्षरं वर आली. बाई गुडघ्यावर बसल्या, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"काय लिवलाय?" गावकाराने विचारलं.

"आजोबा, मी जसंच्या तसं मराठीत सांगते हं," बाई चाचरत म्हणाल्या. "'इथे विसावला आहे पुडिंग. अकरा वर्षं आमच्या दारात इमानाने बसला. चोराला त्याने कधी आत येऊ दिलं नाही आणि मांजर त्याला कधी पकडता आलं नाही.' आणि खाली हा पंजा कोरलाय." त्यांनी बोट ठेवलं. "हे साहेबाचं थडगं नाही, आजोबा. साहेबाच्या कुत्र्याचं आहे."

रानातली किरकिर बंद झाली. वानरं गप्प. वाराही थांबला असावा. गावकार मटकन खाली बसला. मग तो जो फुटला तो फुटला. "माज्या थोरल्याच्या लग्नाची पयली पत्रिका मी हितं ठेवली! पयली! देवळात दुसरी! आणि घरात बायको खाटेवर व्हती तवा हितं लोटांगण घातलाय मी... कुतऱ्याला?"

ठेकेदार मात्र नवऱ्या मुलासारखा फुलला होता. "झालं तर मग! आता कुणाला विचारायचं?"

ही बातमी माझ्याआधी खाली पोचली. डोंगरावर मोबाइलला रेंज नसते असं म्हणतात, पण त्या दिवशी होती. मी चौथऱ्यापाशी येतो तोवर वाडीतल्या एका वात्रटाने गावाच्या मोबाइल-ग्रुपवर 'पुडिंग प्रसन्न' असं लिहून टाकलंसुद्धा. लोक अंगणात उभे राहून एकमेकांकडे नुसते बघत होते. दोन दिवसांनी दुपारी देवळाच्या सभामंडपात सभा ठरली.

मी धावत फाटकाशी गेलो. मुकादम खोलीबाहेर बसून बांगडे साफ करत होते.

"मुकादम, घात झाला! वरचा दगड साहेबाचा नाही!"

"पुडिंगचा हाय," ते म्हणाले. मान वर न करता.

ज्या माणसाला तीन वर्षं मी कचेरीचं प्रत्येक इंग्रजी पत्र वाचून दाखवत होतो, तो मला सांगत होता!

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"पाच वर्सा बोटीवर भटारखान्यात व्हतो. पुडिंग काय असता ता मी ढवळून ढवळून शिकलोय." त्यांनी बांगडा पाण्यात बुडवला. "कचेरीला कळला असता तर लिवायला बसवलानी असता. म्हणून नाय सांगितला."

"मग तो साहेब? मान मोडून मेलेला?"

"सायब नायच. सायब माजा."

मी पायरीवर बसलो. मग त्यांनी सांगितलं. ते कामाला लागले तेव्हा वर कोळशाच्या भट्ट्या लागत. दर आठवड्याला दोनचार झाडं आडवी. त्यांनी कचेरीला सांगितलं, फॉरेस्टवाल्यांना सांगितलं, तोडणाऱ्यांच्या पाया पडून झालं. कुणी ऐकेना. शेवटी एक दिवस ह्या गावकाराच्या बापाला जाऊन सांगितलं, "सपनात गोरा सायब आला. बोलला, माज्या उशाकडची झाडा तोडताय, मी उठलो तर गावात ऱ्हाऊ देणार नाय." दुसऱ्या दिवशी वाडीने नारळ आणला.

"अहो, पण कुत्रा असं सांगितलं असतंत तर?"

"हसले असते. सायबाला भ्यायची सवय व्हती त्यांना, तीच वापरली." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दरसाल राखण झाली की त्या शेंड्या मी अक्षरांवर रचून ठेवी. बावा, तुमी त्याच उपसलात?"

बिबट्यासमोर मी एवढा गारठलो नव्हतो.

सभेला झाडून सगळी वाडी. मुंबईचे चाकरमानीसुद्धा एका दिवसाची रजा टाकून आले. ठेकेदाराने गोरिलाचं रंगीत चित्र खांबाला लावलं आणि दोनच वाक्यं बोलला. "साहेब नाही, देव नाही, कुत्र्याचं थडगं आहे. आता हरकत कसली?" हसावं की रडावं हे न कळलेली दीडशे माणसं एका जागी बसलेली मी त्यानंतर पाहिली नाहीत.

तेव्हा मुकादम उठले. पुढे आले आणि, मला वाटलं होतं काहीतरी शक्कल लढवतील, पण नाही. सगळं सांगितलं. बोट, भट्ट्या, स्वप्न, शेंड्या. "कुणाला सपान पडला नाय. मी खोटा बोललो. झाडा ऱ्हावी म्हणून बोललो. आता मला काय करायचा ता करा, पण झाडांना करू नका."

सभामंडपात जो गलका झाला तो समुद्रापार ऐकू गेला असेल. एक चाकरमानी बाकावर चढून ओरडला, "आणि बाटली कोण पीत होता?"

"मी," मुकादम म्हणाले. "कोंबडा मात्र तुमीच खाल्लात."

कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराने संधी साधली. "बघा! चाळीस वर्षं तुम्हाला वेड्यात काढलं ह्या माणसाने. करा हात वर."

एक हात वर गेला. मग दुसरा. मुकादम खांबाला धरून उभे होते. तिसरा हात वर जाणार, तेवढ्यात मागून एक काकी उठली. कंबरेत वाकलेली, पण आवाज असा की कौलं सरकावीत.

"खाली घे रे हात! माजी म्हस हरवली तवा मी त्या दगडाशी जाऊन बोलले. तिसऱ्या दिवशी म्हस दारात! जल्ला मेला, सायब कदी म्हशीमागं रान तुडवील काय? मला तवाच नवल वाटला व्हता! कुतराच धावला असणार!"

आणि मग, देवाशप्पत, माझ्या डोळ्यांदेखत, दीडशे डोक्यांत एकाच वेळी काहीतरी फिरलं.

"खरा हाय," एकजण म्हणाला. "सायब राखण करता काय कदी? तो घेऊन जाता."

"माज्या बागेतल्या चोराला पायाला धरलान व्हता, असा चोरच बोंबलत व्हता. सायब पायाला कशाला धरील?"

"आणि बिस्किटा सकाळी दिसत नसत!"

ठेकेदार ह्याच्याकडून त्याच्याकडे बघत होता. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. माझंही. अहो, दोन दिवसांपूर्वी ज्यांचा देव गेला होता, त्यांचा देव दुप्पट होऊन परत येत होता!

शेवटी गावकार उठला. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. "कुतरा तर कुतरा," तो सावकाश म्हणाला. "राखलान ना? मंग झाला. वरच्या झाडाला कोण हात लावणार नाय." खांबावरचं गोरिलाचं चित्र त्याने स्वतः काढलं, नीट घडी केली आणि ठेकेदाराच्या हातात दिलं.

मी टाळी वाजवायला हात उचलले होते. तेवढ्यात गावकार मुकादमांकडे वळला.

"तू मात्र थांब. राखणदाराचा नाव तू चाळीस वर्सा लपवलास. त्याचा नारळ दुसऱ्याच्या नावानं फोडायला लावलास. त्याची बाटली प्यायलास. आमाला फसवलास ता आमी सोडू. त्याला फसवलास ता आमी कसा सोडणार?" त्याने वर डोंगराकडे बोट केलं. "आजपासून वरच्या टप्प्यावर तुजा पाय पडता नये."

मला वाटलं, गंमत करतोय. सभेत कुणीही हसलं नाही. मी उठून म्हणालो, "अहो, ती झाडं ह्यांनीच..." काकीने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं.

मुकादमांनी विचारलं, "किती दिवस?"

"कौल लावू आमी. पुडिंग म्हाराज उजवा कौल देतील तवा."

मुकादमांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून चालू लागले.

मी मागे धावलो. पहिल्या वळणावर त्यांना गाठलं, तर त्यांचे खांदे हलताना दिसले. मला भडभडून आलं. पुढे होऊन तोंड बघतो तो काय, हा माणूस हसत होता! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसू आवरत नाही.

"मुकादम! ह्यांनी तुम्हाला हाकलून दिलं, आणि तुम्ही हसताय?"

"तिकीटमास्तर, तुमाला समजला नाय." त्यांनी माझा दंड धरला. "मला वाटला व्हता, सगळा संपला. कुतरा कळला की हसतील नि कोयते घेऊन वर जातील. पण मला शिक्षा केलानी ओ! खऱ्या देवाचा अपराध केल्यावर करतात तशी केलानी! म्हणजे मानतात! माज्याशिवाय मानतात!"

आणि पुन्हा हसले. एवढे हसले की वाटेच्या कडेला चिऱ्यावर बसावं लागलं.

मग हसू ओसरलं. वर, झाडांच्या माथ्यांवरून, धनेश नर चोचीत काहीतरी घेऊन बेहड्याकडे गेला. त्यांनी मान वर केली नाही. पंखांचा आवाज थांबेपर्यंत नुसतं ऐकलं.

"ढोलीचा लिंपण आठ दिवसांत फुटंल," ते म्हणाले. "तुमी वर जा. पिल्लू एक हाय की दोन, एवडाच येऊन सांगा."